बर्फातला विहार

मी आयुष्यात एकच कॉम्प्युटर गेम मनापासून खेळले, आणि तो ज्या यंत्रावर होता त्या यंत्राला मी तेव्हा एकदाही हात लावलेला नव्हता. हे सांगितलं की माझा नातू हसतो. त्याच्या मोबाइलमध्ये माणसं धावतात, गाड्या उलटतात, इमारती कोसळतात, आणि हे सगळं तो जेवताजेवता डाव्या अंगठ्याने उरकतो. मी त्याला म्हटलं, आमच्या खेळात चित्र नव्हतं, रंग नव्हता, आवाज नव्हता, नुसती वाक्यं होती. 'तुम्ही एका दारासमोर उभे आहात. दार बंद आहे.' बस्स. पुढे काय करायचं ते आपण टाइप करायचं, मग यंत्र आणखी एक वाक्य द्यायचं. तो म्हणाला, "आजी, मग तो गेम कसला? तो तर पेपर झाला." मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे पेपर म्हटल्यावर पोरांची तोंडं कशी होतात ते मला कोणी सांगायला नको. पण आमच्या घरी त्या पेपरची रोज संध्याकाळी वाट बघितली जायची. दिवेलागणीला बाबांच्या सायकलची घंटी वाजली की माझा धाकटा भाऊ मिलिंद अर्धवट चावलेला घास गिळून उठायचा, हे त्या नातवाला कसं पटवून देणार?

आम्ही तेव्हा खोपोलीच्या कडेला दोन खोल्यांत राहत होतो. घाट उतरून आलेल्या ट्रकांच्या ब्रेकची चिरचिर दिवसभर कानावर असायची, आणि लोकलची शिटी ऐकून आई भाताखालचा स्टोव्ह कमी करायची. बाबा साजगावच्या एका कागद कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये कारकून होते. टाइम ऑफिस म्हणजे फाटकाला लागून असलेली खोली. कामगार आत जाताना तिथे कार्ड लावत, आणि कोण आला, कोण उशिरा आला, कोणाची रजा कशासाठी, हे बाबा मोठ्या मस्टरमध्ये निळ्या आणि लाल शाईने लिहीत. अर्ध्या कारखान्याचे रजेचे अर्जही तेच लिहून देत. इंग्रजीत. त्या अर्जांत दर दुसऱ्या ओळीला 'काइंडली' असायचं. आजोबांनी कळंबला दुसऱ्यांच्या शेतावर राबून, दुसऱ्यांच्या अंगणात जमिनीवर बसून दिवस काढले होते. आमच्या घराण्यात टेबल-खुर्चीवर बसून काम करणारे बाबा पहिले. आजोबा गावात कोणाला सांगताना आधी 'खुर्ची' म्हणायचे आणि मग 'पोरगा'. बाबांनाही त्या खुर्चीचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. पँटला इस्त्री नसेल तर ते कामावर जायला खळखळ करत, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं नसली तर त्यांना उघडं पडल्यासारखं वाटे.

अशात कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंडगार खोली केली, दाराला काच बसवली आणि बाहेर चपला काढायची पाटी लावली. बाबा पहिल्या दिवशी ती खोली बाहेरूनच बघून आले आणि जेवले नाहीत. साहेबांनी टाइम ऑफिसला सांगितलं होतं की हजेरी आता मशीनवर जाणार, जो मशीन शिकेल तो टेबलावर राहील, बाकीच्यांना गोडाऊनला पाठवू. गोडाऊन म्हणजे कागदाचे गठ्ठे उचलायचे, हमालीच. टाइम ऑफिसात बाबा धरून दोघे होते. दुसरे रिटायर व्हायला आले होते, त्यांनी हसून विषय सोडून दिला. प्रश्न बाबांचाच होता. मशीन बसवायला मुंबईहून देसाई नावाचा तरुण इंजिनीयर आला होता. बाबांची बोटं कळफलकावर येताच थरथरतात हे त्याने बघितलं, आणि मशीनमध्ये एक खेळ टाकून दिला. म्हणाला, "काका, जेवणाच्या सुट्टीत हा खेळत जा. कामाचं टेन्शन नाही, चुकलं तरी काही बिघडत नाही, बोटं आपोआप बसतील." बाबा घरी आले ते आम्हाला हेच सांगत आले, की साहेबाने कामावर खेळ खेळायला सांगितलाय. आई म्हणाली, "कसला साहेब म्हणायचा ह्यो?"

त्या रविवारी बाबांनी बुटांच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि आठवून आठवून त्यावर कळफलक काढला. ए च्या शेजारी बी नाही याचा त्यांना फार राग होता. "ज्यानं ही मांडणी केली त्याला बाराखडी येत नसंल," ते म्हणायचे. संध्याकाळी ते झाकण मांडीवर घेऊन ते बसत, आई स्टोव्हपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत असे, आणि मी मोठ्याने इंग्रजी शब्द सांगे: ओपन, डोअर, टेक, रोप. झाकणावर बाबांची बोटं टकटक करत आणि परातीत आईचे तळवे थपथप. सुकटीच्या चटणीचा वास सगळ्या घरात भरलेला असे. आमचा हा गोंधळ बघायला शेजारची बाई एकदा दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गायकवाडभाऊंना झालंय तरी काय?" मिलिंद म्हणाला, "बाबा बर्फात अडकलेत." बाईने पदर तोंडाला लावला आणि निघून गेली.

बर्फात अडकले होते हे मात्र खरं. खेळाची गोष्ट अशी होती की एका बर्फाळ डोंगरावर एक मठ आहे, त्यातले सगळे साधू एका रात्रीत नाहीसे झालेत, आणि आपण त्यांना शोधायला वर चढून आलोय. बाबांनी पहिल्याच दिवशी मठाचा विहार करून टाकला आणि साधूंचे भिक्षू. त्यामुळे आमच्या डोक्यात कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या बौद्ध लेण्यांवर बर्फ पडलेलं होतं. जेवणाच्या अर्ध्या तासात बाबा खेळत, पडद्यावरचं प्रत्येक वाक्य खिशातल्या डायरीत उतरवून घेत, आणि घरी येऊन चष्मा लावून आम्हाला वाचून दाखवत. मी शाळेच्या डिक्शनरीत अवघड शब्द शोधे. मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं, उद्या काय टाइप करायचं. पहिल्या दिवशी डायरीत होतं: तुम्ही दारासमोर आहात, पायांत जाड बूट आहेत, दार ढकललं तर उघडेल. आई म्हणाली, "आदी बूट काडा." यावर चर्चासुद्धा झाली नाही. विहारात पायातलं घालून कोण जातं? बाबांनी दुसऱ्या दिवशी तसं टाइप केलं, बूट काढले, आत गेले, आणि तीन पावलांवर फरशीच्या थंडीने पाय गोठून मेले. संध्याकाळी ते दारातूनच म्हणाले, "मेलो." आई एकदम उभी राहिली. सगळं ऐकल्यावर ती चिडली, बाबांवर नाही, खेळ रचणाऱ्यावर. "बूट काडले म्हणून मारला? आसली कसली शिकवण?" आम्ही तरीही आणखी एकदा बूट काढून बघितले, न जाणो पहिल्यांदा काही चुकलं असेल म्हणून. पुन्हा मेलो. तिसऱ्या दिवशी बूट घालून गेलो, पण आईने बजावलं होतं म्हणून बाबांनी आत शिरल्यावर 'सॉरी' असं टाइप केलं. यंत्राने उत्तर दिलं की हा शब्द मला समजत नाही. आई म्हणाली, "नायच समजनार त्येला."

पण आईनेच आम्हाला पुढे नेलं हे कबूल करायला हवं. ती शाळेत दोन इयत्ता शिकलेली, इंग्रजीचा गंध नाही. आम्ही एका बंद दालनात दहा-बारा दिवस अडकून होतो. भिंतींवर हात फिरवून झाले, जमीन खणून झाली, मिलिंदच्या सांगण्यावरून बाबांनी 'भूत' हा शब्दही टाइप करून बघितला. एका संध्याकाळी आई कांदा चिरताना म्हणाली, "तितं वास कसला येतो?" बाबा म्हणाले, "वास? मशीनला वास कुठनं येनार गं?" आई म्हणाली, "मशीनला नाय वो. तितं. एवडी मान्सं राहत व्हती, खात नसतील का?" मी डिक्शनरीतून 'स्मेल' काढून दिलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी तो एक शब्द टाइप केला आणि यंत्राने लिहिलं: पूर्वेकडच्या भिंतीतून भाजलेल्या पावाचा मंद वास येतो. भिंतीमागे स्वयंपाकघर होतं! त्या दिवशी बाबा घंटी वाजवतच गल्लीत शिरले आणि सायकल तशीच टेकवून आत आले. आईला म्हणाले, "तुजं बराबर निगालं गं." त्या रात्री आईने अर्ध्याच भाकऱ्या झाल्या असताना स्टोव्ह विझवला आणि मग तिच्या लक्षात आलं.

नकाशा काढायचं काम माझं होतं. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून, डिंकाने एकमेकांना चिकटवून मी मोठा कागद केला होता. प्रत्येक दालनाला चौकोन, प्रत्येक वाटेला रेघ. मिलिंद त्यावर पायरी, विहीर, घंटा अशी चित्रं काढायचा आणि जिथे बाबा मेले होते तिथे लाल फुली मारायचा. नकाशा भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा, त्याच्याशेजारच्या फळीवर रात्री बाबांचा चष्मा. मी त्या काळात वर्गात पहिल्यांदाच इंग्रजीत वर आले. माझ्या बाईंनी विचारलं, क्लास लावलास का? मी म्हटलं, नाही, आमच्याकडे विहार आहे. आज कर्जतच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मी इंटरनेटवर असले जुने शब्दांचे खेळ शोधून खेळते. पुष्कळ सापडतात, फुकटात. खेळताना मजा येते, नाही असं नाही. पण एकटीने दार उघडलं आणि ते सांगायला कोणी समोर नसलं की मला ते दार उघडल्यासारखं वाटत नाही. माझा तरी असा अनुभव आहे.

थंडी सरत आली तसा खेळ बदलला. बदलला हे मी आज म्हणते, तेव्हा मला वाटलं आपण विहाराच्या आतल्या, जास्त अवघड भागात आलो. आता मरणं कमी झालं. नवी दालनं आली. एक दगडी ओटा होता, त्यावर उभं राहून वजन दिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. मग एक लोखंडी जिना, त्याच्याखालून वाकून जायचं. एक घंटा होती, ती आपणहून वाजायची आणि वाजली की विहारातलं सगळं थांबायचं. बाबा पूर्वीपेक्षा हळू वाचत, मध्येच थांबत, डायरीचं पान उलटून परत मागे येत. मला एकच गंमत वाटे. विहार फार नम्र झाला होता. 'काइंडली नोंद घ्यावी की दार तूर्त बंद आहे.' 'आपणांस कळविण्यात येते की दिव्यातील तेल संपले आहे.' मी बाबांना म्हटलं, हे भिक्षू फार मर्यादशील दिसतात. बाबा हसले आणि म्हणाले, "शिकलेली मान्सं ती." त्यांचा शर्ट संध्याकाळीही कडक इस्त्रीचा असायचा, खिशात दोन पेनं. फक्त जेवताना ते भिंतीला पाठ टेकवून बसायला लागले होते. आईने त्यांच्यासाठी गोधडीची घडी मागे ठेवायला सुरुवात केली होती.

एका शनिवारी मी सकाळच्या शाळेतून घरी आले तर फळीवर बाबांचा चष्मा. चष्मा घरी! चष्म्याशिवाय पडदा वाचणार कसा, हजेरी भरणार कशी? एखादी चूक झाली आणि साहेबाने बघितली तर खुर्ची गेलीच. आई पाण्याला गेली होती. मी दप्तर टाकलं, चष्मा रुमालात गुंडाळला आणि साजगावच्या रस्त्याला लागले. ऊन होतं, ट्रकांची धूळ होती, मी जवळजवळ पळतच होते. जेवणाच्या सुट्टीआधी पोचले तर बाबांना आजचा खेळही खेळता येईल, असंही डोक्यात होतं. कारखान्याच्या फाटकावर ठाकुरवाडीचे कोंडूमामा वॉचमन होते. बाबांच्या तोंडून त्यांचं नाव मी कितीदा ऐकलं होतं, त्यामुळे नाव सांगताच त्यांनीही ओळखलं. मी म्हटलं, टाइम ऑफिसात गायकवाडांना चष्मा द्यायचाय. त्यांनी काचेच्या खोलीकडे बघितलं. आत कॉम्प्युटरसमोर एक तरुण बाई बसली होती आणि तिची दहाही बोटं एकदम चालत होती.

"तुजा बाबा आता इकडं नाय बसत गं," कोंडूमामा म्हणाले. "ही पनवेलवरनं कोर्स करून आली, तवापास्नं त्यो मागं गोडावनात हाय. जा, काट्यावरनं सरळ जा. म्होरं लोखंडी जिना लागंल, त्याच्या खालनं वाकून जा. मग मोठं दार."

मी काट्यापाशी आले. ट्रकांचं वजन करायचा काटा, जमिनीत बसवलेला, त्यावर पाय दिला की थोडा हलतो. पुढे लोखंडी जिना. मी त्याच्याखालून वाकून गेले आणि तिथेच उभी राहिले, कारण इथून डावीकडे वळायचं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी ते नकाशावर माझ्या हाताने काढलं होतं. तेवढ्यात भोंगा झाला, यंत्रं थांबली, सगळं एकदम गप्प झालं. ही घंटाही मिलिंदने रंगवली होती, पिवळी. मोठ्या दाराच्या आत कागदाचे पांढरे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. माणसं त्यांवरच बसून डबे उघडत होती. बाबा कडेला होते. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, उजवा खांदा लालभडक. त्यांचा शर्ट एका खिळ्याला हँगरवर टांगलेला होता, इस्त्री न मोडता. एका हातात भाकरीचा तुकडा होता आणि गुडघ्यावर डायरी उघडी. डायरी लांब धरून, डोळे बारीक करून ते लिहीत होते. मध्येच त्यांनी वर छताकडे बघितलं, काहीतरी मनाशी म्हटलं, आणि पुन्हा लिहायला लागले. त्यांनी मला बघितलं नाही. चष्मा माझ्या हातात होता आणि मी तो देऊ शकले नाही. मी आल्या वाटेने परत निघाले. कोंडूमामांनी विचारलं, "गावला का?" मी मान हलवली.

घरी येऊन मी चष्मा फळीवर जिथे होता तिथेच ठेवला. आई तांदूळ निवडत होती. तिने माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघितलं, मग फळीकडे. "कुटं गेलतीस?" मी सांगितलं. सांगतासांगता रडायला लागले. आईचा हात थांबला नाही.

"तुला आज कळलं," ती म्हणाली. "शर्ट जपतात ते. पन बनियन कुटं लपवनार? दिसभर खुर्चीत बसनाऱ्याच्या बनियनला खांद्याला भोकं पडत नाईत, सुमे."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? येका मानसाला घरी यिऊन खुर्चीत बसल्यागत वाटतंय, तर मी ती काडून घेऊ?"

"पण आपण सगळे खोटंखोटं खेळतोय!"

"खोटं कुटं? दिसभर वजी उचलून ह्यो मानूस तुमच्यासाटी इंग्रजी लिवून आनतो. त्यात खोटं काय हाय, दाव मला." मग तिने सूप खाली ठेवलं. "बोलतील तवा बोलतील. तू त्वांड उगडू नको."

नोकरीला लागल्यावर पुष्कळ वर्षांनी मला तो खेळ मिळाला. मी तो एका सुट्टीत शेवटपर्यंत खेळले. स्वयंपाकघरानंतर त्यात एक गोठलेलं तळं आहे, तळ्याखाली बोगदा आहे, आणि भिक्षू त्या बोगद्यातून पलीकडच्या गावात राहायला गेलेले असतात, इतकंच. चांगला खेळ आहे. पण वजनाचा ओटा त्यात नाही, लोखंडी जिना नाही, आपणहून वाजणारी घंटा नाही. तळ्यापर्यंतचा विहार त्या खेळाचा आणि पुढचा माझ्या बाबांचा. दोन महिने रोज, गठ्ठ्यांवर बसून, अर्ध्या तासात. मी नोकरीत हजारो पोरांचं इंग्रजी तपासलं. त्या डायरीला मी किती मार्क दिले असते हे मला ठरवता येत नाही, मला ती आठवली तरी गहिवरून येतं आणि मग तपासणं राहूनच जातं.

त्या शनिवारी बाबा नेहमीच्या वेळेला आले. हातपाय धुतले, गोधडीला टेकून बसले. आईने अंबाडीची भाजी केली होती. बाबांनी फळीवरचा चष्मा घेतला आणि डायरी उघडली. मिलिंद म्हणाला, "बाबा, तुम्ही चष्मा विसरला होता? मग आज पडदा वाचला कसा?"

भाकरी तव्यावर फुगली होती, आई ती उलटायला विसरली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "देसाईसाहेबांचा घेतला व्हता," ते म्हणाले. देसाईसाहेब तर केव्हाच मुंबईला परत गेले होते, हे मिलिंदलाही माहीत होतं. पण तो लहान होता, त्याला पुढचं ऐकायचं होतं. बाबांनी वाचायला सुरुवात केली. मोठं दालन आहे. पांढरे दगड छतापर्यंत रचलेले आहेत. प्रत्येक दगड पाठीवर घेऊन पलीकडे न्यायचा आहे. एक नेला की आपणांस कळविण्यात येते की दुसरा तयार आहे. वाचताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. वाचून झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बोला. सोमवारी काय टाइप करू?"

"दगड उचला," मिलिंद म्हणाला. "टेक स्टोन. सगळे नेले की खाली दार असणार."

आईने माझ्याकडे बघितलं. बोलू नको असं ती डोळ्यांनी सांगत होती आणि मला ते कळत होतं. पण मला तो खांदा दिसत होता. कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या त्या माणसाचा मला रागही आला होता, आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. मी म्हटलं, "बाबा, दगड खाली ठेवा असं टाइप करा. आणि बाहेर या."

"ए, असं नाही चालत," मिलिंद ओरडला. "भिक्षू अजून सापडले नाहीत!"

"नाही सापडले तर राहू देत. बाबांनी फार शोधलं." "दगड ठेवा, बाबा. आणि शर्टसुद्धा घालू नका. तसेच या घरी."

बाबांनी पेन्सिल डायरीवर टेकवली होती. ती तिथेच राहिली. ते माझ्याकडे बघत होते, मग भिंतीवरच्या नकाशाकडे, ओटा, जिना, पिवळी घंटा, सगळं मी आणि मिलिंदने नीट रंगवून ठेवलेलं. त्यांनी डायरी मिटली आणि शर्टाची वरची दोन बटणं सोडली. मिलिंदने विचारलं, "खेळ संपला?" बाबांनी त्याला जवळ ओढून मांडीवर घेतलं, डाव्या बाजूला. मग आईकडे न बघता, समोरच्या ताटाकडे बघून ते म्हणाले, "सोमवारपास्नं डब्यात एक भाकरी जास्ती घाल. काम अंगमेहनतीचं हाय."

आईने करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि नवी टाकली.

"दोन महिनं घालतेच हाय," ती म्हणाली. "भुकेच्या भरात तुमी कदी बगितलंच नाय."